जमिनीने धरलेले पाणी आणि आपल्याला मिळणारे पाणी
चुंबकाच्या यंत्राला काय कळते, आणि आपण आपल्या हाताने काय पारखू शकतो?



बोअर घ्यायचा म्हटला की घरात चार मते निघतात. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधाने फिरतो. कुणी कडुलिंबाची दुबेळकी धरतो. कुणी खुंट्या ठोकून, वायर ताणून विजेचे यंत्र लावतो. आता त्यात आणखी एक बोलणे कानावर येते, ‘चुंबकाच्या मशीनने जमिनीतलं पाणी दिसतं.’

हे खरे की खोटे? यात खरे शास्त्र आहे. दवाखान्यात एमआरआय काढतात, त्याच जातीचे हे शास्त्र आहे. पण त्याला कुठे काय जमते आणि आपल्या जालना जिल्ह्याच्या काळ्या खडकात काय अडते, हे कळल्याशिवाय पैसा टाकू नये. म्हणून आज हा विषय घेतला आहे. या शास्त्राने पाण्याबद्दल एक गोष्ट फार चांगली दाखवून दिली आहे. ती यंत्र न आणताही आपल्याला रोज उपयोगी पडेल.

पाणी राहते कुठे?

जमिनीखाली नदी वाहते, तळे भरलेले असते, असे आपण सहज म्हणतो. आपल्या भागात तसे नसते. पाणी राहते छिद्रांत आणि भेगांत. मातीचा माठ बाहेरून ओला का होतो? त्याच्या अंगात बारीक छिद्रे असतात म्हणून. चिनीमातीच्या बरणीला ती मोकळी नसतात, म्हणून बरणी पाझरत नाही. जमीन आणि खडक यांचेही तसेच आहे.

आपला खडक लाव्हारसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरून थिजला. विहीर खणताना हे थर तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या, कुठे घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा पट्टा.

घट्ट पाषाणात छिद्रे नसल्यासारखीच. भेग असेल तरच पाणी. मांजऱ्यात लाव्हारसाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. पण पुष्कळ पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात आणि एक पोकळी दुसरीला जोडलेली नसते. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. तो पाणी घेतो आणि सोडतोही. आपल्या बहुतेक विहिरी या मुरमाच्या आणि भेगाळ खडकाच्या जिवावर चालतात.

आता काळी माती घ्या. भारी काळ्या जमिनीच्या निम्म्या आकारमानात पोकळीच असते. म्हणजे पाणी धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण काळ्या मातीच्या थराला झरा फुटलेला कुणी पाहिला आहे का? पाणी भरपूर, तरी विहिरीला ती जवळजवळ काही देत नाही. पिकालाही सगळे देत नाही. भारी काळ्या जमिनीत वजनाने २० टक्के ओल शिल्लक असतानाच पीक माना टाकायला लागते. तीच २० टक्के ओल वाळूसरीत असती, तर पाणी निथळून गेले असते.

असे का होते? याचे उत्तर छिद्राच्या आकारात आहे. पीक मुळांनी पाणी ओढते, त्या ओढीला मर्यादा असते. साधारणपणे हवेच्या दाबाच्या १५ पट जोर लागला की मुळे हरतात. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक छिद्रातले पाणी इतके घट्ट चिकटलेले असते, की ते पिकाच्या दृष्टीने असून नसल्यासारखे. घरात धान्य आहे, पण कणगीचे तोंड लिंपलेले आहे, तशातली गत.

म्हणून प्रश्न दोन आहेत. जमिनीने पाणी धरले किती? आणि त्यातले सुटणारे किती? पहिल्याचे उत्तर तराजू देतो. माती तोला, वाळवा, पुन्हा तोला, झाले. दुसऱ्याचे उत्तर छिद्रांच्या आकारावर असते, आणि तिथे चुंबक कामाला येतो.

चुंबकाला पाणी कसे कळते?

पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो. हायड्रोजनचे केंद्र इवल्याशा फिरत्या चुंबकासारखे वागते. भोवरा आठवा. जरा कलला की फिरता फिरता डोलू लागतो. हे केंद्रही चुंबकाच्या जवळ नेले की ठरावीक गतीने डोलते. चुंबक जोरदार असेल तर डोलणे जलद, मंद असेल तर सावकाश.

आता रेडिओचा काटा आठवा. काटा बरोबर स्टेशनवर आला की आवाज खणखणीत येतो, जरा सरकला की खरखर. तसेच, केंद्र ज्या गतीने डोलते आहे त्याच गतीची रेडिओलहर पाठवली तरच ते ती लहर घेते. लहर बंद केली की ते स्वतःची लहर परत पाठवते. याला म्हणतात चुंबकीय अनुस्पंदन. आपण हाक मारायची आणि पाण्याने ओ द्यायची, इतके सोपे करून समजा.

‘अणुकेंद्र’ या शब्दाने दचकू नका. यात काही फुटत नाही, किरणोत्सर्ग होत नाही. नमुन्याची माती, बियाणे किंवा पाणी जसेच्या तसे राहते.

या ‘ओ’मधून दोन गोष्टी कळतात.

एक, आवाज किती मोठा आहे. त्यावरून पाणी किती ते कळते.

दोन, आवाज किती वेळ टिकतो. त्यावरून पाणी कशा छिद्रात बसले आहे ते कळते.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. बैलाच्या गळ्यातली घंटा मोकळी वाजली तर तिचा नाद रेंगाळतो. तिच्यावर हात ठेवला की नाद लगेच बसतो. भांड्यातल्या मोकळ्या पाण्याचा आवाज दोन-तीन सेकंद टिकतो. छिद्रात अडकलेले पाणी मात्र सारखे भिंतीला घासत असते, आणि भिंतीला लागले की त्याचा आवाज बसतो. रुंद रस्त्याने गुरे जातात तेव्हा भिंतीला घासणारी थोडी. अरुंद बोळातून जातात तेव्हा सगळीच घासतात. छिद्र जितके बारीक, तितका आवाज लवकर विरतो. जाड वाळूतल्या पाण्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागापर्यंत टिकतो. चिकणमातीत गच्च बसलेल्या पाण्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच संपतो.

म्हणजे मातीचा नमुना चुंबकात ठेवला, तर एकाच हाकेला येणारी ओ वेगवेगळ्या लांबीची येते. लांब टिकणारी ओ सुट्या पाण्याची, मधली पिकाच्या उपयोगाच्या पाण्याची, आणि तुटक ती कोंडलेल्या पाण्याची. प्रयोगशाळेत त्याचा हिशेब मांडता येतो.

एक खोट इथेच सांगून ठेवू. भिंतीत लोह किंवा मँगनीज असेल तर आवाज आणखी लवकर बसतो. आपल्या मातीत आणि खडकात लोह भरपूर. म्हणून इथली तुटक ओ आली, की छिद्र बारीक आहे की लोहाचा परिणाम आहे, हे जाणकाराला वेगळे काढावे लागते.

हे कुणी शोधले, कुठे वापरतात?

अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या दोन वेगळ्या गटांनी १९४५-४६ च्या सुमारास हे शोधले. १९५२ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आपल्या देशाचाही यात हात आहे. एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ तेव्हा तिकडे ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत होते. १९५१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर दाखवले, की अल्कोहोलच्या एकाच कणातले हायड्रोजन तीन वेगळ्या सुरांत ओ देतात. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राचे काम उभे केले.

तेलाच्या धंद्याने हे शास्त्र लवकर उचलले, कारण तेलसुद्धा खडकाच्या छिद्रांतच असते. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हायचे तेल लागले, तेही चुनखडीच्या छिद्रांतले. तेल आहे एवढे कळून भागत नाही, ते सुटून वर येईल का हे कळायला हवे. आपला विहिरीचाच प्रश्न तो. १९९० नंतर तेलविहिरीत चुंबकाचे लांब यंत्र सोडून हे पाहण्याची रीत जगभर रुळली.

जालना म्हणजे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, तेव्हापासून ही ओळख पक्की झाली. म्हणून बियाण्याचाही एक उपयोग सांगतो. करडई, सूर्यफूल, भुईमूग यांच्या दाण्यात तेल किती, हे या शास्त्राने दाणा न फोडता मोजता येते. दाणा नीट वाळवला, की त्यातले उरलेसुरले पाणी गच्च बसलेले असते, त्याचा आवाज लगेच विरतो. तेलाचा आवाज मागे उरतो. तोच मोजायचा. मोजून झालेला दाणा पुन्हा पेरता येतो. जास्त तेलाचे वाण निवडणाऱ्याला याहून सोयीचे काय?

मग शेतात हे यंत्र का लावू नये?

दवाखान्यातला चुंबक शेतात नेता येत नाही. पण पृथ्वी हाच एक चुंबक आहे. त्याचा जोर दवाखान्यातल्या नेहमीच्या चुंबकापेक्षा सुमारे ३५ हजार पटींनी कमी आहे, तरी तो सगळीकडे आहे आणि फुकट आहे. आपल्या भागात या चुंबकात पाण्याची केंद्रे सेकंदाला सुमारे १,८०० वेळा डोलतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रशियात, नोव्होसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी यावर यंत्र बनवायला घेतले. पुढे फ्रान्समध्येही अशी यंत्रे तयार झाली.

त्याची पद्धत अशी. जमिनीवर ५० ते १०० मीटर बाजूचे तारेचे मोठे रिंगण टाकायचे. त्यातून नेमक्या गतीची वीज क्षणभर सोडायची. मग वीज बंद करून त्याच तारेत पाण्याची ओ ऐकायची. रिंगण जेवढे मोठे, साधारण तेवढ्या खोलीपर्यंतचे ऐकू येते. खुंट्या ठोकून लावायचे विजेचे यंत्र जमिनीचा विरोध मोजते. त्यात ओली चिकणमाती आणि पाण्याचा मुरूम कधी कधी सारखाच दिसतो. चुंबकाच्या यंत्राला ओ मिळते ती पाण्याचीच. शिवाय चिकणमातीतली तुटक ओ ऐकायला यंत्र तयार होण्याआधीच ती संपलेली असते. म्हणून यंत्राला ऐकू येते ते मुख्यतः सुटे, विहिरीला मिळणारे पाणी.

कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातल्या मूळेहोळे पाणलोटात भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे यंत्र वापरले. नाल्याखाली पावसाळ्यात पाणी कसे मुरते, ते त्यांनी तपासले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. पण तिथला खडक आपल्यासारखा लाव्हाचा नाही. आपल्याकडे अडचणी येतात त्या या:

१. आपल्या काळ्या पाषाणात लोहचुंबकाचे बारीक कण असतात. त्यामुळे पृथ्वीचा चुंबकीय जोर जागोजागी कमी-जास्त होतो. एका विहिरीच्या पाण्याचा सूर एक, पलीकडच्या पाण्याचा दुसरा. आवाज विस्कटतो आणि लवकर विरतो. पाणी असूनही यंत्र ‘नाही’ म्हणू शकते.

२. पाण्याची ओ फार क्षीण असते. जवळून विजेची लाईन गेली असेल, मोटार चालू असेल, तर तिच्या गुणगुणीत ती बुडून जाते. विहिरीशेजारी खांब नाही असे शिवार आता किती उरले?

३. आपले पाणी बऱ्याचदा एखाद्या अरुंद भेगेत असते. एवढ्या मोठ्या रिंगणाखालच्या सगळ्या खडकात ते इतके थोडे भरते, की वेगळे ओळखू येणे कठीण.

४. यंत्र महाग आहे, आणि एका जागेला तासन्‌तास लागतात.

म्हणून बंधूंनो, कुणी हातात मावणारी डबी घेऊन आला, पाच मिनिटांत ‘दोनशे फुटांवर तीन इंच पाणी’ म्हणाला आणि त्याला चुंबकीय अनुस्पंदनाचे नाव दिले, तर त्याला विचारा: तारेचे रिंगण कुठे आहे? विजेच्या लाईनचा आवाज कसा वगळला? आमच्या खडकातल्या लोहाचे काय केले? उत्तर नीट आले नाही तर चहा पाजा आणि रवाना करा. पैसे देऊ नका.

यंत्राविना आपण काय करू शकतो?

१. विहिरीलाच विचारा. रात्री मोटार बंद करताना दोरीला गाठ मारून पाण्याची पातळी घ्या. सकाळी मोटार सुरू करण्याआधी पुन्हा घ्या. विहीर २० फूट व्यासाची असेल तर एक फूट चढ म्हणजे सुमारे ९ हजार लिटर पाणी आले. तीन फूट चढली तर २७ हजार. हे तुमच्या खडकाचे खरे देणे. पाणी जास्त दिसते म्हणून नवी बाग लावू नका. दिवाळीत आणि पुन्हा मार्चमध्ये ही नोंद घ्या, आणि मार्चच्या आकड्यावर बागेचे क्षेत्र ठरवा. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या वाढलेल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हे विसरता येणार नाही.

२. मुरमाचा हिशेब मांडा. झिजलेल्या, भेगाळ खडकातून सुटणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के, साधारण २ टक्के धरतात. एक एकराखालचा एक मीटर जाडीचा पाण्याने भरलेला थर पूर्ण उपसला, तरी सुमारे ८० हजार लिटरच मिळतात. आणि तो थर एकट्या तुमचा नाही, शेजाऱ्याचाही आहे.

३. खोल गेले की पाणी वाढते, हा भ्रम सोडा. खोलीबरोबर भेगा बहुधा कमी होत जातात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. बोअरआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या तिथे वर्षानुवर्षे नोंदलेल्या असतात. शेजारच्या पाच बोअरची खोली आणि पाणी लागलेला थरही वहीत उतरवून न्या.

४. वाफसा हाताने ओळखा. वाफसा म्हणजे मोठी छिद्रे रिकामी होऊन त्यांत हवा शिरली आहे आणि मधल्या छिद्रांत पाणी आहे, अशी स्थिती. चुंबक जी मधली ओ ऐकतो, ती याच पाण्याची. वीतभर खोलीची माती घ्या, मुठीत लाडू वळा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटला तर वाफसा. चपटा होऊन चिकटला तर थांबा. लाडू वळलाच नाही तर पाणी द्यायची वेळ आली. काळी माती वरून ओलसर दिसते म्हणून पाणी लांबवू नका. ती ओल कोंडलेली असू शकते.

५. मधली छिद्रे वाढवा. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत, पिकाचे अवशेष यांनी मातीचे रवे बनतात आणि उपयोगी छिद्रे वाढतात. ओल्यात नांगर किंवा ट्रॅक्टर घातला तर तीच छिद्रे दाबली जातात. भारी जमिनीत एक मीटर खोलीत पिकाच्या कामाचे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावते. हलक्या जमिनीत त्याच्या निम्मेही मावत नाही. म्हणून हलकीला थोडे आणि वारंवार, भारीला अंतराने द्या. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणतात ते उगीच नाही. कोळपणीने भेगा बुजतात आणि ओल उडायची थांबते.

६. मुरमात पाणी घाला. २५ मिलिमीटरचा एक पाऊस एका एकरावर लाखभर लिटर पाणी टाकतो. ते बांधावरून नाल्यात गेले की गेले. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने पाणलोटाचे काम केले. माथ्यापासून बांध घातले, नाले अडवले, पुढे शेततळी आणि ठिबक यांची जोड दिली, आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्यांच्या खडकातही तेच दोन टक्के होते. त्यांनी ते दरवर्षी भरले.

लक्षात ठेवा

- जमिनीत पाणी असणे वेगळे आणि ते मिळणे वेगळे. फरक छिद्राच्या आकाराचा आहे.
- चुंबकीय अनुस्पंदनाचे शास्त्र खरे आहे. आपल्या काळ्या खडकात ते सहज चालत नाही. त्याच्या नावाने कुणाला पैसे देऊ नका.
- मार्चमध्ये रात्रभरात विहीर किती फूट चढते, हा आकडा ज्या घरात लिहिलेला आहे, ते घर बोअरच्या कर्जात सहसा सापडत नाही.

आपली विहीर आणि आपले शेत यांची ही नोंद या हंगामात सुरू करा. दोन वर्षांचे आकडे झाले की ते घेऊन खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. मग तिथला सल्ला तुमच्या विहिरीच्या मापाचा मिळेल.